जुन्या रॉक अल्बमच्या रंगीत एलपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, डीप पर्पल, बीटल्स यांच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अल्बमच्या नव्या एलपी, म्हणजे मोठ्या आकाराच्या रेकॉर्ड, आता निळ्या, जांभळ्या, दुधी, पारदर्शक, ठिपकेदार अशा नाना रंगांत निघतात. त्या घ्याव्यात का, कोणत्या घ्याव्यात आणि घरी आणल्यावर त्यांचे काय करावे, याविषयी नव्याने संग्रह सुरू करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे देणाऱ्याला काळ्या रेकॉर्डचा आग्रह नाही आणि रंगाचे वावडेही नाही. मात्र काही ठाम मते आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

रेकॉर्ड मुळात काळी का असते?

रेकॉर्ड ज्या पीव्हीसी या प्लास्टिकपासून तयार होते ते मुळात जवळजवळ रंगहीन असते. त्यात ते स्थिर राहावे आणि नीट घडावे म्हणून काही द्रव्ये मिसळतात आणि काळ्या रेकॉर्डसाठी काजळीची अतिशय बारीक पूड अल्प प्रमाणात घालतात. या काळ्या रंगाची कारणे बरीचशी व्यवहारातली आहेत. त्याआधीच्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या काळ्याच असत, त्यामुळे ग्राहकाच्या डोळ्यांना तोच रंग सवयीचा होता. शिवाय काळ्या मालात एखादा कण किंवा डाग दिसत नाही, आणि कापून उरलेला माल पुन्हा दळून वापरला तरी रंग बिघडत नाही. काजळीमुळे स्थिर विद्युत कमी होते असे सांगितले जाते, पण तिचे प्रमाण इतके थोडे असते की त्या दाव्यावर फार भिस्त ठेवू नये. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की रंगीत रेकॉर्डमध्ये जसा रंग मिसळलेला असतो, तसा काळ्या रेकॉर्डमध्येही तो मिसळलेलाच असतो.

ठिपके, लाटा, अर्धी-अर्धी असे प्रकार कसे तयार करतात?

गरम पीव्हीसीचा मऊ गोळा संगीताच्या खाचांची उलटी नक्षी असलेल्या दोन निकेलच्या ठशांमध्ये ठेवतात आणि वाफेने तापवलेले यंत्र तो शंभर टनांच्या आसपास दाबाने चेपते. मग त्याच यंत्रात थंड पाणी खेळवून रेकॉर्ड घट्ट करतात आणि कडेने बाहेर आलेली पाती कापून टाकतात. हे सगळे साधारण अर्ध्या मिनिटात उरकते. मधले कागदी लेबल चिकटवलेले नसते. तेही याच दाबाखाली रेकॉर्डमध्ये बसते, आणि त्यात ओल राहून फुगू नये म्हणून ते आधी भट्टीत सुकवून घेतात.

रंगांची सगळी करामत त्या गोळ्यात असते. दोन रंगांचे अर्धे गोळे जोडले की अर्धी-अर्धी रेकॉर्ड मिळते. रंग अर्धवट मिसळू दिले की संगमरवरासारख्या लाटा उमटतात. ठिपक्यांसाठी कामगार गोळ्यावर वेगळ्या रंगाचे दाणे हाताने पसरतो, म्हणूनच ठिपक्यांच्या कोणत्याही दोन रेकॉर्ड सारख्या नसतात. रंग बदलताना यंत्रातला आधीचा माल पूर्णपणे बाहेर काढावा लागतो आणि त्यात वेळ व माल दोन्ही जातात. रंगीत आवृत्तीची किंमत थोडी चढी असते त्यामागे हेही एक कारण आहे, जरी संग्राहकांची हौस हे त्याहून मोठे कारण असले तरी.

हा अलीकडचा धंदेवाईक प्रकार आहे का?

धंदेवाईक आहे, अलीकडचा मात्र नाही. अमेरिकेतील आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९मध्ये ४५ फेऱ्यांच्या लहान रेकॉर्ड बाजारात आणल्या, तेव्हा संगीताच्या प्रकारानुसार रंग ठरवून दिले होते: कंट्री संगीत हिरव्या रंगात, अभिजात संगीत लाल, मुलांची गाणी पिवळ्या आणि लोकप्रिय संगीत काळ्या. ही पद्धत फार काळ टिकली नाही, पण रंग ही ओळखीची खूण होऊ शकते, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

रॉक संगीतात रंगांची पहिली मोठी लाट १९७७ ते १९७९ या काळात आली. ब्रिटनमध्ये पंक आणि न्यू वेव्ह या तेव्हाच्या नव्या शैलींतल्या गटांच्या लहान रेकॉर्ड रंगीबेरंगी निघू लागल्या आणि मोठ्या कंपन्यांनीही जुन्या अल्बमवर तोच प्रयोग केला. पिंक फ्लॉइडचा ‘अ‍ॅनिमल्स’ १९७७मध्ये फ्रान्समध्ये गुलाबी रंगात निघाला. १९७८मध्ये अमेरिकेत कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ पांढऱ्या रंगात आणला, आणि लाल व निळ्या अल्बम म्हणून ओळखले जाणारे त्यांचे दोन निवडक संग्रह अनुक्रमे लाल आणि निळ्या रंगात काढले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लेड झेपलिनचा चौथा अल्बम फिकट जांभळ्या रंगात मिळत होता. म्हणजे आज ज्यांना आपण रंगीत रीइश्यू म्हणतो तेही नवे नाहीत. ‘व्हाइट अल्बम’ पांढरा झाला तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि ती पुनर्प्रकाशित आवृत्तीच होती.

आजची लाट सुरू होण्यास २००८पासून दर वर्षी साजरा होणारा रेकॉर्ड स्टोअर डे, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांचा दिवस, बराचसा कारणीभूत आहे. त्या दिवसासाठी कंपन्या खास आवृत्त्या काढतात आणि त्यांतील पुष्कळ रंगीत असतात. वॉर्नर या संगीत कंपनीच्या जुन्या संगीताची जबाबदारी असलेली ऱ्हायनो ही कंपनी ऑक्टोबरमध्ये ‘रॉक्टोबर’ या नावाने जुन्या रॉक अल्बमच्या रंगीत एलपी काढत आली आहे. एसी/डीसी या रॉक गटाच्या पन्नाशीनिमित्त २०२४पासून त्यांचे अल्बम सोनेरी रंगात निघाले. अमेरिकेत २०२२मध्ये एलपींची विक्री नगांच्या संख्येत सीडींच्या पुढे गेली, ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. तसे १९८७नंतर प्रथमच घडले. अशा बाजारात रंग मागे राहणे शक्यच नव्हते.

रंगीत रेकॉर्डचा आवाज काळ्या रेकॉर्डपेक्षा वाईट असतो का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे खरे उत्तर ‘प्रकारावर अवलंबून आहे’ असे आहे, म्हणून ते प्रकारानुसारच देणे बरे.

एकाच रंगाची रेकॉर्ड, मग ती अपारदर्शक असो वा पारदर्शक, चांगल्या कारखान्यात चांगल्या मालातून छापलेली असेल, तर ती आणि त्याच ठशांतून निघालेली काळी रेकॉर्ड यांतला फरक बहुतेकांना डोळे मिटून ओळखता येणार नाही. पूर्वी रंगीत मालाचा दर्जा कमी-जास्त असे आणि त्यामुळे खरखर होत असे. रंगीत रेकॉर्डची बदनामी बरीचशी त्या काळातली आहे. लाटांचे आणि ठिपक्यांचे प्रकार थोडे जोखमीचे असतात, कारण वेगवेगळ्या रंगांचे दाणे एकाच तापमानाला अगदी सारखे वितळतीलच असे नाही, आणि जेथे दोन रंग भेटतात तेथे कधीकधी बारीक टकटक ऐकू येते. अंधारात चमकणाऱ्या रेकॉर्डमध्ये चमकणाऱ्या पदार्थाचे कण मिसळलेले असतात आणि त्यांची सळसळ शांत जागी जाणवतेच. अशा रेकॉर्ड ऐकण्यासाठी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण एलपीचा आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा रंगामुळे नव्हे. रेकॉर्डचे मधले छिद्र थोडे जरी सरकलेले असले तरी पियानोचे किंवा कीबोर्डचे लांब स्वर डुलू लागतात. माल खाचांमध्ये पूर्ण भरला नाही तर एका बाजूच्या स्पीकरमधून फाटल्यासारखा आवाज येतो. घाईने थंड केलेली रेकॉर्ड बशीसारखी वाकते. हे सगळे दोष काळ्या रेकॉर्डमध्येही तितकेच आढळतात. फरक एवढाच, की रंगीत रेकॉर्डमध्ये दोष निघाला की लोक रंगाला दोष देऊन मोकळे होतात.

शेवटचा मुद्दा बाजूच्या लांबीचा. एलपीच्या एका बाजूवर सुमारे २० ते २२ मिनिटांचे संगीत आरामात बसते. सुई कडेला असताना तिच्याखालून खाच सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते आणि लेबलाजवळ पोहोचेपर्यंत हा वेग २० सेंटिमीटरच्या आसपास उतरतो, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा आणि ‘स’चे उच्चार सर्वांत आधी फाटतात. एखाद्या दीर्घ अल्बमच्या रंगीत रीइश्यूमध्ये शेवटचे गाणे खरखरीत वाटले, तर आधी त्या बाजूची लांबी पाहावी आणि मग रंगावर संशय घ्यावा.

रंगाने आवाज सुधारत नाही, मग रंगाकडे पाहायचे तरी कशाला?

डोळ्यांना बरे वाटते हे कारण पुरेसे आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण संग्राहकासाठी रंगाचा याहून मोठा उपयोग आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. एखादा लोकप्रिय अल्बम काळ्या रंगात वर्षानुवर्षे छापला जातो. मधल्या काळात कारखाना बदलतो, ठसे बदलतात, कधी मास्टरही (ज्यावरून रेकॉर्ड घडवतात ते ध्वनिमुद्रण) बदलतो, आणि बाहेरचे कव्हर मात्र तेच राहते. रंगीत आवृत्ती सहसा एका वेळी, एका कारखान्यात, ठरावीक प्रतींपुरती छापली जाते. त्यामुळे ‘२०२३ची पारदर्शक प्रत’ असे म्हटले की ती नेमकी कोणत्या खेपेची आहे हे लगेच कळते आणि त्याच खेपेच्या प्रती घेतलेल्या इतरांचे अनुभव तुमच्या प्रतीला बऱ्याच अंशी लागू पडतात. काळ्या प्रतीबाबत ही खात्री मिळत नाही. रंगाकडे छपाईच्या खेपेची खूण म्हणून पाहिले, की काय घ्यावे आणि काय टाळावे हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

एकाच अल्बमच्या दहा आवृत्त्या दिसतात. त्यांतली कोणती घ्यावी?

आधी ‘मास्टर कोणता’ हे पाहावे, मग ‘कट कोणी केला’, मग ‘छापली कोठे’ आणि रंग सर्वांत शेवटी. मास्टर म्हणजे ज्या ध्वनिमुद्रणावरून रेकॉर्ड घडवली ते. कट म्हणजे त्यावरून लॅकरचा थर दिलेल्या किंवा तांब्याच्या तबकडीवर खाच कोरण्याचे काम. एकाच मास्टरवरून दोन वेगवेगळ्या अभियंत्यांनी केलेले कट ऐकायला खूप वेगळे असू शकतात. याचे सर्वपरिचित उदाहरण लेड झेपलिनच्या दुसऱ्या अल्बमचे आहे. १९६९मध्ये बॉब (रॉबर्ट) लडविग यांनी केलेला त्याचा पहिला कट इतका जोरकस होता की साध्या प्लेयरवर सुई उडू लागली, आणि कंपनीने तो बदलून सौम्य कट बाजारात आणला. आज त्या पहिल्या कटच्या प्रती संग्राहक लेबलाजवळच्या कोऱ्या जागेत कोरलेल्या ‘आरएल’ या आद्याक्षरांवरून ओळखतात आणि त्यांची किंमत सामान्य प्रतीच्या कितीतरी पट असते.

ही कोरी जागा वाचायला शिकणे हा या छंदातला खरा धडा आहे. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की शेवटच्या खाचेनंतरच्या पट्ट्यात आकडे, अक्षरे, कधी सही तर कधी एखादे वाक्य दिसते. जॉर्ज पेकम हे ब्रिटिश अभियंते आपल्या कटवर ‘पोर्की प्राइम कट’ असे कोरत असत. आजच्या रीइश्यूंवर केव्हिन ग्रे, बर्नी ग्रंडमन, क्रिस बेलमन या अभियंत्यांची आद्याक्षरे दिसली, तर काम जाणत्या हातांतून गेले आहे असे समजावे. अ‍ॅबी रोड स्टुडिओत माइल्स शॉवेल अर्ध्या वेगाने कट करण्याचे काम करतात. मूळ ध्वनी आणि कोरणारे यंत्र दोन्ही निम्म्या वेगाने चालवल्यामुळे वरच्या पट्टीतले बारकावे कोरायला यंत्राला दुप्पट वेळ मिळतो.

वेष्टनावरच्या चकचकीत स्टिकरवरील शब्द मात्र चिकित्सेने वाचावेत. ‘मूळ टेपवरून’ आणि ‘मूळ टेपवरून पूर्णपणे अ‍ॅनालॉग पद्धतीने’ ही दोन विधाने एक नाहीत. पहिल्यात मध्ये डिजिटल टप्पा, म्हणजे ध्वनी संगणकी आकड्यांत बदलण्याचा टप्पा, असू शकतो. नामांकित मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या बाबतीत २०२२मध्ये नेमके हेच उघड झाले: ज्या महागड्या रेकॉर्ड लोक संपूर्ण अ‍ॅनालॉग समजून घेत होते, त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. गमतीची गोष्ट अशी, की तोपर्यंत त्याच रेकॉर्डच्या आवाजाची तोंड भरून स्तुती होत होती. डिजिटल टप्पा असला म्हणून रेकॉर्ड वाईट ठरत नाही, पण काय विकत घेत आहोत हे माहीत असावे.

१८० ग्रॅमची रेकॉर्ड अधिक चांगली असते का?

जाड रेकॉर्ड हातात घ्यायला छान वाटते आणि ती थोडी कमी वाकते. खाचेची खोली वजनाने वाढत नाही. नीट छापलेली १४० ग्रॅमची रेकॉर्ड वाईट छापलेल्या १८० ग्रॅमच्या रेकॉर्डपेक्षा नेहमीच बरी.

पिक्चर डिस्कविषयी काय मत आहे?

भिंतीवर लावावी. पिक्चर डिस्कमध्ये मध्यभागी चित्राचा कागद असतो आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पारदर्शक पातळ थर बसवून त्यात खाच उमटवलेली असते. हा थर नेहमीच्या रेकॉर्डच्या मालाइतका शांत नसतो, म्हणून खरखर जवळजवळ ठरलेलीच. चित्र आणि आवाज दोन्ही हवे असतील तर पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या २०२४मधल्या आवृत्तीने काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. त्यात दोन पारदर्शक रेकॉर्ड आहेत, दोन्हींवर संगीत एकाच बाजूला आहे आणि खाच नसलेल्या दुसऱ्या बाजूवर चित्र छापले आहे. एका रेकॉर्डवर मावणारे संगीत दोन रेकॉर्डवर पसरल्याने किंमत वाढली, हे खरे.

रॉक अँड रोलचे जुने अल्बम रंगीत एलपीवर फार स्वस्तात दिसतात. त्या प्रती खऱ्या असतात का?

येथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

युरोपात ध्वनिमुद्रणावरील हक्क पूर्वी ५० वर्षांचे होते. ते पुढे ७० वर्षांचे झाले, पण ज्यांचे हक्क तोवर संपले होते त्यांना ही वाढ मिळाली नाही. परिणामी १९६२पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे तेथे मुक्त आहेत आणि अनेक लहान कंपन्या ती सुंदर रंगांत, कमी किमतीत छापतात. तेथे हे कायदेशीर आहे. मात्र या कंपन्यांना मूळ टेप मिळत नाही. त्या सहसा सीडीवरून किंवा जुन्या रेकॉर्डवरून काम भागवतात आणि आवाजात ते कळते. दुसरा प्रकार १९७०च्या दशकातील रेडिओवरून प्रसारित झालेल्या मैफलींच्या रंगीत एलपींचा आहे. त्यांच्यामागे गटाची संमती नसते आणि आवाजाचा भरवसाही नसतो. तिसरा प्रकार सरळ नकलेचा आहे: गाजलेल्या अल्बमची कधीही न निघालेली ‘दुर्मीळ’ रंगीत आवृत्ती. २०००मध्ये सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या माहितीसंग्रहात अशा प्रती ‘अनधिकृत’ म्हणून नोंदलेल्या असतात. विक्रेता जो रंग सांगतो तो तेथे अधिकृत नोंदीत सापडला नाही, तर खिशात हात घालू नये.

महाराष्ट्रात अशा एलपी कोठे मिळतात?

मुंबईत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झाले, तेव्हा अनेकांना रेकॉर्डचे युग संपले असे वाटले; पण माहीममधील रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या दुकानांनी नव्या आयात एलपींचा व्यवहार चालू ठेवला आहे. जुन्या प्रतींसाठी चोर बाजारातील मटण स्ट्रीट आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेतच, मात्र तेथे रंगीत रीइश्यू मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. तेथे मिळते ती वेगळी मौज: कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात छापलेल्या बीटल्सच्या भारतीय प्रती, ज्यांच्या मागे आज परदेशी संग्राहक लागलेले असतात.

नवी आयात एलपी साधारण अडीच ते पाच हजार रुपयांच्या दरम्यान पडते आणि दोन रेकॉर्डचा संच त्याहून वर जातो. परदेशातून थेट मागवताना टपालखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून हिशेब करावा. अनेकदा येथील दुकानदाराची किंमत जास्त वाटते ती केवळ आपण हा हिशेब केलेला नसतो म्हणून. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या भावाला किंवा मावसबहिणीला येताना आणायला सांगण्याची पद्धत अजूनही सर्वांत चांगली आहे. फक्त त्यांना एलपी हातातल्या बॅगेत आणायला सांगावे. माझ्या एका नातेवाइकाने कपड्यांच्या मोठ्या बॅगेत, वर तिळगुळाच्या डब्याचा भार देऊन आणलेली निळी एलपी आज फक्त पाहण्याच्या उपयोगाची आहे.

‘मर्यादित आवृत्ती’ किती मर्यादित असते? पुढे किंमत वाढेल का?

‘मर्यादित’ या शब्दाला आकड्याची जोड नसेल तर तो निव्वळ विशेषण आहे. क्रमांक छापलेल्या एक-दोन हजार प्रतींची आवृत्ती आणि पुढच्या वर्षी वेगळ्या छटेत पुन्हा निघणारी आवृत्ती, दोन्हींवर तोच शब्द असतो. निकेलच्या एका ठशातून साधारण हजारभर चांगल्या प्रती निघतात, पण ठसे पुन्हा घडवता येतात, म्हणून टंचाई ही कारखान्याची अडचण नसून कंपनीचा निर्णय असतो.

गुंतवणूक म्हणून रंगीत रीइश्यू घेऊ नयेत. काही प्रतींच्या किमती पहिल्या महिन्यात दुप्पट होतात आणि नवा रंग जाहीर होताच खाली येतात. ज्या प्रती खरोखर महाग राहिल्या आहेत, त्या बहुतेक करून १९७०च्या दशकातल्या आहेत आणि घेणाऱ्यांनी तेव्हा त्या वाजवण्यासाठीच घेतल्या होत्या. एकाच अल्बमचे पाच रंग जमवणाऱ्यांना मी हसत नाही, माझ्याकडेही एका अल्बमच्या तीन प्रती आहेत. पण तिसरी घेतल्यानंतर तिची आजवर एकच बाजू वाजवली आहे, हेही सांगितले पाहिजे.

रंगीत रेकॉर्डची निगा वेगळी राखावी लागते का?

थोडीशी. पांढरी आणि पारदर्शक रेकॉर्ड उन्हात किंवा प्रखर प्रकाशात राहिली तर पिवळसर पडू शकते, म्हणून ती खिडकीसमोर मांडून ठेवू नये. बाहेरचे आवरण मऊ पीव्हीसीचे असेल तर त्यातील द्रव्य हळूहळू रेकॉर्डवर उतरते आणि पुसता न येणारा धुरकट पट्टा तयार होतो. पॉलिथिनची किंवा पॉलिप्रोपिलीनची आवरणे वापरावीत. रेकॉर्डसोबत आलेला जाड कागदी खिसा रेकॉर्डवर बारीक ओरखडे पाडतो, तो जपून ठेवावा आणि रेकॉर्ड प्लास्टिकच्या अस्तराच्या खिशात ठेवावी.

बाकीची निगा रंगावर नव्हे, आपल्या हवेवर अवलंबून आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात रेकॉर्डला फारसे काही होत नाही, कव्हरला होते. पुठ्ठ्याला ओल धरली की आधी वास येतो, मग करडे ठिपके, मग कसर. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या महिन्याकाठी तापवून कोरड्या कराव्यात, आणि सलग पावसानंतर पहिले कोरडे ऊन पडेल त्या दिवशी कपाट उघडे ठेवावे, रेकॉर्ड उन्हात नव्हे. विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलटी असते. पीव्हीसी साठेक अंशांच्या आसपास नरम पडू लागते आणि मे महिन्यात बंद मोटारीच्या काचेखाली तेवढे तापमान सहज होते. दुकानातून रेकॉर्ड घेऊन वाटेत जेवायला थांबलात, तर ती सोबत आत घेऊन जावी.

रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवाव्यात, आडव्या चळत नको. कव्हरसह शंभर एलपींचे वजन सुमारे २५ किलो किंवा त्याहून जास्त भरते, तेव्हा पुस्तकांसाठी केलेली पातळ फळी वाकल्याशिवाय राहत नाही. धूळ काढण्यासाठी कार्बन धाग्यांचा ब्रश पुरतो, धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी वापरावे, आणि नवी कोरी रेकॉर्डही पहिल्यांदा वाजवण्याआधी धुवावी, कारण तिच्यावर कागदाचा भुसा आणि छपाईतला कचरा बऱ्याचदा असतो.

पारदर्शक रेकॉर्ड माझ्या प्लेयरवर सुरूच होत नाही. ती बिघडलेली आहे का?

बहुधा नाही. काही स्वयंचलित प्लेयर, उदाहरणार्थ टेक्निक्सचे एसएल-१० हे मॉडेल, प्लेयरच्या फिरत्या तबकडीवर रेकॉर्ड आहे की नाही आणि ती किती मोठी आहे हे प्रकाशाच्या साहाय्याने ओळखतात. पारदर्शक रेकॉर्डमधून प्रकाश आरपार गेला की यंत्राला तबकडी रिकामी वाटते. हाताने सुई ठेवण्याच्या प्लेयरवर ही अडचण येत नाही, मात्र दोन गाण्यांमधली मोकळी पट्टी पारदर्शक रेकॉर्डवर नीट दिसत नाही आणि नेमके गाणे शोधताना दिव्याची दिशा बदलावी लागते.

रेकॉर्ड सदोष निघाली तर काय करावे?

आलेल्या दिवशीच दोन्ही बाजू पूर्ण ऐकाव्यात. परत घेण्याची मुदत संपेपर्यंत वेष्टन न फोडणाऱ्यांना नंतर कोणी दाद देत नाही. टकटक होत असेल तर आधी धुवावी आणि सुईही साफ करावी. वाकलेली रेकॉर्ड फिरताना आणि डुलणारा स्वर ऐकू येताना अशा दोन छोट्या चित्रफिती काढून विक्रेत्याला पाठवाव्यात. मी एकदा एका दुकानाकडून तीन वेळा बदलून घेतलेली हिरवी एलपी तिन्ही वेळा त्याच गाण्यात, त्याच ठिकाणी अडकत होती. दोष ठशातच होता आणि संपूर्ण खेप तशीच निघाली होती. तेव्हा चौथी प्रत मागण्याऐवजी पैसे परत घेतले आणि वर्षभराने दुसऱ्या कारखान्यातली काळी प्रत घेतली.

जुनी मूळ प्रत घ्यावी की नवी रंगीत?

मूळ प्रत चांगल्या स्थितीत आणि परवडेल अशा किमतीत मिळाली तर ती घ्यावी; टेप तेव्हा ताजी होती आणि तिचे वय कोणताही अभियंता कमी करू शकत नाही. अडचण ‘चांगल्या स्थितीत’ या शब्दांत आहे. आपल्याकडच्या जुन्या प्रती महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणि पार्ट्यांत, झिजलेल्या सुयांखाली वाजलेल्या असतात, आणि विक्रेत्याची ‘एकदम मस्त’ ही श्रेणी संग्राहकांच्या ‘व्हेरी गुड’ या मधल्या श्रेणीपर्यंतही पोहोचत नाही. अशा वेळी चांगल्या कटची नवी प्रत निःसंकोच घ्यावी.

सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी?

जो अल्बम तुम्हाला कॅसेटवर किंवा मित्राच्या सीडीवर ऐकून तोंडपाठ झाला आहे, त्यापासून. तो कोठे कसा वाजला पाहिजे हे तुमच्या कानांना माहीत असते, म्हणून नव्या प्रतीत काय सुधारले आणि काय बिघडले ते लगेच कळते. त्या अल्बमच्या रंगीत आवृत्त्या डिस्कॉग्जवर काढाव्यात, प्रत्येकीचा कट आणि कारखाना पाहावा, लोकांनी त्या खेपेविषयी काय लिहिले आहे ते वाचावे आणि दोन तरी चांगले शेरे असलेली प्रत घ्यावी. झेक प्रजासत्ताकातील लोदेनित्से येथील जीझेड मीडिया या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यात छापलेली रेकॉर्ड तुमच्या हाती येण्याची शक्यता बरीच आहे. त्यांच्या कामाविषयी बरे-वाईट दोन्ही ऐकू येईल, कारण ते छापतातच इतके. मग रंग कोणता ते पाहावे. तो आवडला नाही तर काळी घ्यावी.